घट बसवायचे आहेत : परडीतलं धान्य कुजतं, नंदादीप विझतो, माळांचा हिशेब चुकतो

वेलची

नमस्कार. यंदापासून शारदीय नवरात्राचे घट आमच्या फ्लॅटमध्ये बसणार आहेत. आजवर ते गावच्या घरी बसायचे. कुळाचार तपशिलात सांगू शकेल असं घरात आता कुणी नाही, त्यामुळे इथल्या जाणत्यांना विचारते आहे.

देवघर भिंतीतल्या कोनाड्यात आहे, ऊन येत नाही. सरावासाठी एका परडीत धान्य पेरून पाहिलं, तर चौथ्या दिवशी आंबूस वास आला आणि वर पांढरी बुरशी धरली. माती किती घ्यायची, पाणी किती घालायचं, कोणतं धान्य घ्यायचं?

घटावर नारळ ठेवायचा की ताम्हनात टाक (देवाची धातूच्या पत्र्यावरची छोटी प्रतिमा) ठेवायचा? दोन्ही पाहिलं आहे. अखंड दिव्याला तेल किती लागतं, आणि घरात दिवसभर कुणी नसेल तर काय करायचं? शिवाय 2025 मध्ये नवरात्र दहा दिवसांचं आलं होतं, तशा वेळी माळा नऊच बांधायच्या की दहा?

आणि यामागची श्रद्धा काय आहे तेही सांगा. मुलं विचारतात.

---

काळीमाती

धान्यापुरतं मी सांगतो.

कुजण्याचं कारण दहापैकी नऊ वेळा एकच असतं, परडीत अंथरलेला प्लास्टिकचा कागद. जमिनीवर पाणी सांडू नये म्हणून तो घालतात आणि सगळं पाणी तळाशी साचतं. परडी वेताची किंवा बांबूची घ्या, आत पळसाची पत्रावळ घाला, आणि पाणी झिरपेल ते धरायला परडीखाली ताट ठेवा. परडी आणि ताट यांच्यामध्ये दोन लाकडी पट्ट्या ठेवल्या तर बूड कोरडं राहतं.

दहा इंची परडीला दोन इंचांचा थर पुरतो, म्हणजे साधारण तीन किलो माती. नुसती काळी माती शेतात चांगली, बंद खोलीत ती चिकट गोळा होते. तीन भाग काळी माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू असं मिश्रण करा, चाळा आणि दोन दिवस उन्हात घाला. ताजं शेण नको, ते तापतं आणि मोड मरतात.

धान्य दोन मुठी, 80 ते 100 ग्रॅम, त्याहून जास्त नको. हौसेने पाव-अर्धा किलो ओततात, दाण्यावर दाणा बसतो, हवा खेळत नाही आणि खालचा थर आंबतो. गहू, ज्वारी, मका ही भरवशाची. साळ घालायची तर टरफलासकट भात घ्या. तांदूळ उगवत नाही, कारण सडताना त्याचा अंकुर निघून जातो. पॉलिश केलेले जवही तसेच. डाळी तर दुभंगलेल्याच असतात, त्यांचा प्रश्नच येत नाही. अख्खे मूग, हरभरे दहा-बारा दाणेच, तेही कडेला, कारण ते फुगतात आणि ओलाव्यात सगळ्यांत आधी सडतात. तीळ, कारळे अगदी वरून भुरभुरा. बियाण्याच्या दुकानातलं गुलाबी-लाल रंग चोळलेलं बी घरात आणूच नका, त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं.

आठ दिवस आधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. तिसऱ्या दिवशी सात-आठांना मोड आले तर धान्य चांगलं. घट हीच मुळात पुढच्या हंगामासाठीची बीजपरीक्षा होती असं जुनी शेतकरी माणसं सांगतात. रब्बीच्या पेरण्या तोंडावर असतात, तेव्हा ते पटतंही.

आदल्या रात्री गहू, मका, ज्वारी सात-आठ तास भिजवा. बारा तासांच्या पुढे जाऊ देऊ नका, पाणी फेसाळतं. सकाळी दोनदा धुऊन निथळा. परडीच्या मधोमध घटाची जागा मोकळी सोडून भोवती पेरा आणि वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती पसरा.

पाण्याची खूण अशी : ओली माती मुठीत दाबली की ढेकूळ व्हावं, बोटाने टोचलं की फुटावं, आणि दाबताना थेंब गळू नये. तीन किलो कोरड्या मातीला अर्धा लिटर पाण्यात हे जमतं. त्यानंतर पाणी द्यायचं काम घटाचं. मातीचा घट पाझरतो आणि त्या पाझरावरच धान्य वाढतं, मातीचाच घट घेण्यातली मख्खी ती आहे. म्हणून तैलरंगाने रंगवलेला किंवा चकाकी दिलेला घट घेऊ नका, त्याची छिद्रं बुजलेली असतात. नवा घट आदल्या दिवशी चार-पाच तास पाण्याने भरून कोरड्या फरशीवर ठेवा. खाली ओलसर गोल उमटला तर उत्तम, थारोळं झालं तर बदला.

आणि ते पांढरं दिसलं, ती बुरशीच होती का हे नीट पाहा. गव्हाच्या कोवळ्या मुळांना कापसासारखी लव असते. ती फक्त मुळाभोवती असते आणि पाण्याचा हबका मारला की दिसेनाशी होते. बुरशीचं जाळं मात्र एका दाण्यावरून दुसऱ्यावर पसरतं आणि तिला वास येतो. लव पाहून घाबरून परडी उपसणारे पुष्कळ आहेत.

---

माजघर

काळीमाती यांनी छान लिहिलंय. त्यात एक भर : पूजेचं पाणीच बऱ्याचदा घात करतं. पंचामृताची पळी परडीत सोडू नका. दूध, दही, मध मातीत गेले की दोन दिवसांत आंबतात. देवीला पंचामृत वेगळ्या ताम्हनात घाला.

आता घटाबद्दल. नारळ आणि टाक, दोन्ही पद्धती बरोबर आहेत. घटात पाणी, गंध, अक्षता, दूर्वा, सुपारी, हळकुंड आणि एक नाणं घालतात. तोंडाशी आंब्याचा पाच पानांचा डहाळा किंवा विड्याची पाच पानं. त्यावर काही घरांत शेंडी वर करून नारळ ठेवतात. काही घरांत तांदूळ भरलेलं ताम्हन, म्हणजे पूर्णपात्र ठेवून त्यात देवीचा टाक किंवा सुपारी मांडतात. तुमच्या देवघरात कुळदेवीचा टाक असेल तर पूर्णपात्राची पद्धत असण्याची शक्यता जास्त. नक्की करायचं तर भावकीतल्या एका घरी फोन करून एवढंच विचारा, "आपल्यात घटावर नारळ असतो का?" माणसं पूजा विसरतात, पण मांडणी डोळ्यांसमोर राहिलेली असते.

क्रम असा : आचमन, संकल्प, सुपारीवर गणपतीपूजन, परडीत घट ठेवणं, पाण्यात वरुणाचं आवाहन, मग पूर्णपात्र किंवा नारळ, देवीचं आवाहन, षोडशोपचार पूजा, पहिली माळ, नंदादीप, नैवेद्य, आरती. सावकाश केलं तरी तासाभरात होतं. एकदा बसवलेला घट दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही, म्हणून जागा आधीच ठरवा. कोनाडा अरुंद असेल तर शेजारी पाटावर मांडा. बऱ्याच घरांत बाकीचे देवही विड्याच्या पानावर बसवतात आणि नऊ दिवस त्यांना उचलून स्नान घालत नाहीत, फुलाने पाणी शिंपडतात. "देव बसले" म्हणतात ते यावरूनच.

मुलांना सांगायचं तर कलशपूजनातला श्लोक घ्या. "कलशस्य मुखे विष्णुः कण्ठे रुद्रः समाश्रितः". मुखाशी विष्णू, कंठाशी रुद्र, मुळाशी ब्रह्मा, मध्यभागी मातृगण, पोटात सगळे सागर आणि सप्तद्वीपा पृथ्वी. म्हणजे वीतभर मडक्यात सगळं विश्व आहे असं मानायचं, आणि त्याच्याभोवती जे उगवतं ते देवीचं रूप. मूर्ती नसली तरी नवरात्र पूर्ण होतं ते यामुळे. मुलांना रोज पट्टीने कोंब मोजू द्या, पूजेतला त्यांचा वाटा तिथून सुरू होतो.

माळ रोज एक, घटावर सोडलेली. पहिली बहुतेक घरांत विड्याच्या पानांची असते, पुढे झेंडू, शेवंती, तिळाची, कारळ्याची, तरवडाची फुलं, जे त्या दिवसांत फुलतं ते. माळा शेवटपर्यंत काढत नाहीत, म्हणून घटाच्या वर आडवी काठी किंवा तार बांधून तिला माळ लावा. ती घटाला टेकावी, मातीला लागू नये. मातीवर लोळणारा झेंडू तिसऱ्या दिवशी काळा पडतो आणि बुरशीची सुरुवात तिथून होते.

अमुक माळेला अमुकच फूल, अमुक दिवशी अमुक रंगाची साडी, याचं दडपण घेऊ नका. नऊ रंगांची यादी वर्तमानपत्रांतून रूढ झाली, ती वारांवर बेतलेली असते. हौस म्हणून जरूर पाळा, पण तो कुळाचार नाही.

---

समईवाली

दिव्याचं गणित देते. एका मध्यम वातीला तासाला पाच-सहा ग्रॅम तेल जळतं. दिवसाला 120 ते 150 मिली, दहा दिवसांना सव्वा ते दीड लिटर. पाच वातींची समई अखंड ठेवायची म्हटली तर हेच पाचपट. म्हणून अखंड दिवा एकाच वातीचा ठेवा आणि समई सकाळ-संध्याकाळ पूजेपुरती लावा. तिळाचं तेल चांगलं. तुपाचा आणि तेलाचा असे दोन्ही लावत असाल तर देवीच्या उजव्या हाताला तुपाचा, डाव्या हाताला तेलाचा.

दिवा विझतो तो बहुधा तेल संपून नाही, तर वातीच्या टोकावर काजळीचं बोंड धरून. ते आठ-दहा तासांत येतं. पितळी चिमट्याने अलगद काढायचं आणि वात गव्हाएवढी वर सरकवायची. वात बदलायची असेल तर आधी शेजारी दुसरी निरांजन त्याच ज्योतीवर लावून घ्या, नवी वात तिच्यावरून पेटवा, म्हणजे अखंडपणा राहतो. कापसात सरकी राहिली की वात तडतडते, पिंजलेला कापूस स्वच्छ करूनच वळा. ओल्या हाताने वळलेली वातही तडतडते.

घरात दिवसभर कुणी नसेल तर माझं मत स्पष्ट आहे : अखंड ठेवू नका. पूजेच्या वेळी सकाळी लावा, संध्याकाळी परत लावा. संकल्पातच "यथाशक्ति" असतं. लाकडी देवघर, वर माळा लटकलेल्या, पडदा जवळ आणि कुलूपबंद घर, हे एकत्र असू नयेच. घरात माणूस असताना ठेवायचा तर स्टीलच्या ताटात वाळूचा थर देऊन त्यावर, माळांपासून दोन फूट लांब, काचेच्या हंडीत ठेवा. हंडी वरून पूर्ण झाकू नका.

मध्येच विझला तर परत लावायचा, देवीला नमस्कार करायचा, बस्. कुणी एकशे आठ वेळा जप करतात, तेही चांगलं. विझला म्हणजे अशुभ, ही भीती मुलांच्या मनात अजिबात घालू नका.

---

घटिका

माळांबद्दल. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं 12 अंशांचं अंतर. चंद्राची गती रोज सारखी नसल्यामुळे ते कधी 19 तासांत पूर्ण होतं, कधी 26 तासांत. दोन सूर्योदयांना एकच तिथी आली की वृद्धी, एकाही सूर्योदयाला आली नाही की क्षय. 2025 मध्ये 22 सप्टेंबरला घट बसले आणि 2 ऑक्टोबरला दसरा आला, मध्ये एक तिथी वाढली होती. अशा वेळी दहा माळा. रोजची पूजा रोज व्हायलाच हवी, म्हणून माळही रोज. क्षयाच्या वर्षी एकाच दिवशी दोन तिथींच्या दोन माळा बांधतात.

स्थापनेची वेळ : सूर्योदयापासून पहिल्या दहा घटिका, म्हणजे चार तास. ते साधलं नाही तर माध्यान्हाभोवतीचा अभिजित मुहूर्त, 48 मिनिटांचा. चित्रा नक्षत्र आणि वैधृति योग स्थापनेला टाळावेत असं निर्णयग्रंथ सांगतात. ते सकाळी असतील तर अभिजित धरतात.

जी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही ती अशी : नऊ दिवस जमत नसतील तर शास्त्रानेच लहान नवरात्र दिलं आहे. तृतीयेपासून सप्तरात्र, पंचमीपासून पंचरात्र, सप्तमीपासून त्रिरात्र, आणि फक्त अष्टमीचं एकरात्र. प्रतिपदेला सुतक किंवा सोहेर (घरात बाळ जन्मल्यावरचं अशौच) असेल तर ते फिटल्यावर यातल्या पुढच्या टप्प्याला घट बसवता येतात. बसवल्यानंतर सुतक आलं तर उरलेली पूजा दुसऱ्या गोत्राच्या माणसाकडून, उदाहरणार्थ जावयाकडून किंवा शेजाऱ्यांकडून करून घेतात. घट मध्येच उठवत नाहीत.

सप्तशतीचा, म्हणजे देवीमाहात्म्याचा पाठ करणार असाल तर 13 अध्याय, 700 मंत्र. आधी कवच, अर्गला, कीलक ही स्तोत्रं. रोज सगळा होत नसेल तर सात दिवसांची जुनी वाटणी 1, 2, 1, 4, 2, 1, 2 अध्याय अशी आहे. अध्याय सुरू केला की मध्ये उठू नये, एवढं पाळा.

---

मांडवी

काळीमाती यांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. "पाणी द्यायचं काम घटाचं" हे मातीच्या घटाला लागू. तांब्याचा किंवा पितळेचा कलश मांडणारी घरं खूप आहेत, आमच्या गोव्यातही आहेत. धातू पाझरत नाही. तिथे रोज सकाळी पाच-सहा चमचे पाणी कडेकडेने शिंपडावंच लागतं. एसीच्या खोलीत मातीच्या घटालाही थोडं लागतं, वरची माती पाच-सहा तासांत भुरभुरीत होते.

गोव्याचा विषय निघालाच तर, देवळांत नवरात्राला मखरोत्सव असतो. देवीला सजवलेल्या मखरात बसवून रात्री कीर्तन आणि वाद्यांच्या गजरात मखर झुलवतात. रोज देवीचं रूप वेगळं. मुलांना एकदा दाखवा.

---

काळीमाती

मांडवी, बरोबर. धातूच्या कलशाचं लिहायचं राहिलंच. चमच्याने शिंपडण्यापेक्षा दूर्वांच्या जुडीने शिंपडा, मातीत खड्डे पडत नाहीत आणि दाणे उघडे पडत नाहीत.

---

वेलची

सगळ्यांचे मनापासून आभार. परडीत प्लास्टिकच होतं! आणखी दोन शंका. ऊन नसल्याने कोंब पिवळे येतात, ते चालतात का? आणि कडाकण्या, उपवास, शेवटी घट उठवणं, हे कसं करायचं?

---

माजघर

पिवळे चांगलेच. उजेड नसला की पानात हिरवा रंग तयार होत नाही आणि कोंब उजेड शोधत उंच जातो. म्हणून देवघरातले कोंब हिरव्यापेक्षा लांब आणि सोनेरी येतात, आणि दसऱ्याला तेच सोनं म्हणून टोपीत, फेट्यात, वेणीत खोचतात. तिसऱ्या माळेच्या सुमारास कोंब मातीबाहेर दिसायला हवा. नवव्या माळेपर्यंत गहू वीतभर होतो. मधेच आडवे पडू लागले तर पाणी जास्त झालंय. दोन दिवस थांबवा आणि सुती दोऱ्याचा सैल वेढा देऊन उभे करा.

उपवास : नऊही दिवस झेपत नसेल तर उठता-बसता करतात, म्हणजे घट बसतात त्या दिवशी आणि उठायच्या आधीच्या दिवशी. एवढा पुरतो.

कडाकण्या फुलोऱ्यासाठी, म्हणजे घटावर टांगायच्या तळलेल्या पदार्थांसाठी. दोन वाट्या रवा-मैदा सारखा, चार चमचे कडकडीत तेलाचं मोहन, पाऊण वाटी गूळ किंवा साखर पाण्यात विरघळवून त्या पाण्यात घट्ट भिजवायचं, तासभर झाकून ठेवायचं. पातळ लाटून, कडेला भोक पाडून मंद आचेवर तळायच्या. भोक तळण्याआधीच पाडा, नंतर पाडलं की कडाकणी तडकते. आच मोठी झाली तर बाहेरून लाल होतात, आत मऊ राहतात, आणि टांगल्यावर दुसऱ्या दिवशी वाकतात. कुणाकडे फुलोरा ललितापंचमीला, कुणाकडे अष्टमीला. चित्पावनांकडे अष्टमीला उकडीचा मुखवटा करून महालक्ष्मी आणि घागरी फुंकणं असतं, कुणाकडे जोगवा, कुणाकडे नवमीला होम. यातलं तुमचं काय ते भावकीच सांगेल. माहीत नसेल तर नैवेद्य, आरती आणि एखाद्या दिवशी एक सवाष्ण, एक कुमारिका जेवायला, एवढ्यावर थांबा. दुसऱ्याचा कुळाचार उचलून आणायची गरज नाही.

आणखी एक, खंडोबाही घरात असेल तर त्याचे घट वेगळे, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा ते चंपाषष्ठी. गोंधळ करू नका.

घट उठवणं नवमीला किंवा दशमीला, घरच्या रीतीने. गंध-फूल-अक्षता वाहून उत्तरपूजा, मग "पुनरागमनाय च" म्हणून घट थोडा उत्तरेकडे सरकवायचा. कोंब कात्रीने न कापता मुठीत धरून मुळासकट उपटा. पहिला तुरा देवीला, मग घरातल्या मोठ्यांना, मग लहानांना. आपट्याची पानं देताना त्यांच्यासोबत एक-दोन कोंब द्यायची पद्धत आहे. घटातलं पाणी आंब्याच्या डहाळ्याने घरभर शिंपडा, उरलेलं झाडाला. नाणं पुसून तिजोरीत किंवा देव्हाऱ्यात, नारळ फोडून प्रसाद.

माती नदीत नेऊ नका. परडी उलटी केली की मुळांचं जाळं धरलेली एक गोल वडी निघते, ती हाताने कुस्करून तुळशीच्या आणि कढीपत्त्याच्या कुंडीत मिसळा. वाळलेल्या माळांतला दोरा आधी काढून घ्या, फुलंही त्याच कुंडीत चालतील. परडी धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा आणि कागदात गुंडाळा. मातीचा घट परत घटाला वापरू नका, त्यात पाणी भरून बाल्कनीत चिमण्यांना ठेवा.